मोडीचा कागद आणि अर्जंट प्रश्न

मंडळी, दांडिया बाजारातला एखादा जुना वाडा उतरवायला घेतला, की माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्यातून मोडीतले कागद निघतात. बडोद्याच्या मराठी घरांना हे नवं नाही. ते वाचून घ्यायला आता कुणाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. मोडी वाचणाऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर गट आहेत. अशा गटात मी उत्तरं देत असतो, तेव्हा थोडं तक्रारीच्या सुरात बोललो तर चालवून घ्या.

नवा माणूस गटात येतो, तिरका फोटो टाकतो आणि खाली लिहितो, "कोणी सांगेल का काय आहे? अर्जंट." कागद कोणत्या गावचा, कोणत्या घराण्याचा, अवाक्षर नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. वाचणारा निम्मं काम संदर्भावर करतो. गाव आणि आडनाव आधी कळलं तर जी ओळ चटकन लागते, ती नाहीतर संध्याकाळ खाते.

फोटोचंही तेच. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं, बारीक फाटे पुसट होतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कागद उजेडात सपाट ठेवा, चारही कडा येऊ द्या, पाठपोट काढा. शिक्का पुष्कळदा नेमका कापलेल्या भागात असतो.

मग साल. "इहिदे सबैन मया व अलफ" म्हणजे काय, हे वारंवार विचारलं जातं. एक, सत्तर, शंभर आणि हजार. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत वापरलेली कालगणना) ११७१. त्यात ५९९ मिळवा, इसवी सन १७७०-७१. हा हिशेब गटाच्या वरच पिन केलेला असतो! इंटरनेटवर वागण्याचे नियम ऑक्टोबर १९९५ मध्ये 'आरएफसी १८५५' म्हणून लिहून निघाले. त्यात सरळ सांगितलंय, एक-दोन महिने नुसतं वाचा, मग लिहा. एवढं कोणी थांबणार नाही, मान्य. निदान जुने प्रश्न शोधून बघा.

काहीजण एकच शब्द कापून पाठवतात, 'इनाम' म्हणजे काय म्हणून. खरं दुखणं जमिनीच्या वाटणीचं असतं. ते आधीच सांगा ना! कोर्टापुढे गटातल्या कुणाचं वाचन ठेवता येत नाही, सहीनिशी केलेलं भाषांतर लागतं, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

रात्री अकराला खासगी नंबरवर "काका, जरा बघता का?" हे मात्र नको. संकोचापेक्षा कारण वेगळं आहे. गटात मी चुकीचं वाचलं तर दुसरा कोणीतरी लगेच दुरुस्त करतो. खासगीत माझी चूक तुमच्या वंशावळीत जाऊन बसते. उत्तर नाही आलं तर दोन-तीन दिवसांनी एकदा आठवण करा. चार गटांत एकदम टाकलं असेल तर तसं लिहा, म्हणजे चौघं एकाच ओळीवर डोळे फोडत बसणार नाहीत.

आणि वाचन मिळालं की नुसता अंगठा टाकून गायब होऊ नका. घरातल्या दुसऱ्या कागदांशी नाव जुळलं की नाही, तिथेच खाली लिहा. आम्ही 'गोविंद' वाचलं आणि तुमच्या पणजोबांचं नाव 'गोपाळ' होतं, हे आम्हाला दुसरीकडून कसं कळणार?