चोडणची फेरी आणि एकच गिअर

हा गोव्यातला रायबंदरचा फेरी धक्का, समोर मांडवीतलं आमचं चोडण बेट. सकाळचे पावणेआठ. पाणी खाली गेलंय, म्हणजे ओहोटी, आमच्याकडे सुकती म्हणतात, आणि सुकती असली की धक्क्याची ही चढण लांबते आणि खालचा भाग शेवाळाने नुसता बुळबुळीत. तशी काही मोठी नाही चढण. पण फेरीची फळी पडल्यावर, मागे स्कूटरवाले हॉर्न मारत असताना, जागच्या जागी उभ्या सायकलवरून इथून वर निघायचं म्हणजे काय ते रोज जाणाऱ्यालाच कळतं. तर ही चढण लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब हिच्याच नावाने आहे.

आणि ही सायकल. मामा बोटीवर कामाला होता, ऐंशीच्या सुरुवातीला फ्रान्समधून घेऊन आला. स्टीलची फ्रेम, वाकडा हँडल, पुढे दोन चकत्या, मागे सहा, बारा गिअर. वीस-एक वर्षं आमच्या चोडणच्या घराच्या मागच्या पडवीत नारळांच्या ढिगामागे होती. खाडीची हवा, त्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, त्यामुळे फ्रेम वरवर गंजली तरी आतून शाबूत, पण मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राची, स्प्रिंग आणि दोन्ही छोटी चाकं पार धरलेली. दुरुस्त झाले असते का गिअर? झाले असते, खोटं कशाला बोलू. पण माझा रोजचा रस्ता बघा, घरापासून फेरीपर्यंत सपाट, नदी ओलांडली की रायबंदर ते पणजी हा पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला बांध, पोन्ते दि लिन्यारिश, तीन किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला मिठागरं आणि खारफुटी, चढ नावालाही नाही. मध्ये फक्त हा धक्का. एवढ्यासाठी बारा गिअर सांभाळायचे? म्हटलं सगळे काढू, एकच ठेवू, सिंगल स्पीड.

आमच्या गावात पोदेर रोज पहाटे भली मोठी पावाची टोपली मागे बांधून, पों पों करत, एका गिअरवर अख्खा वाडा फिरतो. त्याला जाऊन सिंगल स्पीड म्हणून सांगा, हसेल तो.

सांगायचं राहिलं, सिंगल स्पीड म्हणजे फिक्सी नाही. फिक्सीत चाक फिरतंय तोवर पेडल फिरतं, पाय थांबवता येत नाहीत. इथे फ्रीव्हील आहे, पाय थांबवा, सायकल चालत राहते. आणि दोन्ही ब्रेक जागेवर.

आधी बघायची ती ही खाच, मागचं चाक जिथे बसतं ती. जुन्या स्टीलच्या रोड सायकलींना ही बहुतेक आडवी असते, त्यामुळे चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणता येते. नव्या सायकलींना खाच उभी असते, तिथे चाक सरकतच नाही, मग चेन ताणून धरणारा टेन्शनर लावा, म्हणजे परत एक स्प्रिंग, परत गंज. आडवी दिसली तेव्हाच ठरवलं, ही होणार.

आता इथे माझी चूक बघा. जुनं सहा चकत्यांचं फ्रीव्हील काढायचं होतं. पेडल मारलं की फ्रीव्हील आट्यांवर आणखी घट्ट बसत जातं, म्हणजे मामाने जितकी चालवली तितकं ते आवळलं गेलेलं. याला दोनच खाचा, त्यात टूल बसवायचं. मी शहाणा, टूल नुसतं बसवलं, मोठा पाना लावला आणि ओढला. टूल निसटलं, एका खाचेचा कोपरा गेला, माझी दोन बोटं सोलली ती वेगळी. मग चाक उचलून गावातल्या मेस्ताकडे, म्हणजे मिस्त्रीकडे नेलं. त्याने बघितलं, काही बोलला नाही, आधी टूल अ‍ॅक्सलच्या नटाने वरून बांधून टाकलं म्हणजे ते सुटणारच नाही, मग टूल बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडलं आणि म्हणाला, आता चाक धर आणि बसचं स्टिअरिंग फिरवतात तसं डावीकडे फिरव. दोघे लोंबकळलो. टक्क असा आवाज आला, मला वाटलं काहीतरी तुटलं. सुटलं होतं.

नवीन सोळा दातांचं फ्रीव्हील घेऊन ठेवलं होतं. लावायला गेलो, दोन आटे बसले, तिसऱ्याला अडलं. मी जोर लावणार तेवढ्यात मेस्त ओरडला, थांब रे बाबू! हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आट्यांवर नख फिरवलं आणि म्हणाला, हे आपले आटे न्हय. बरोबर होतं त्याचं. बाजारात मिळतं ते फ्रीव्हील १.३७ इंचाचं, इंचाला २४ आटे. जुन्या फ्रेंच हबवर ३४.७ मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. व्यासात फरक केसाएवढा, म्हणून सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं, आणि जोर लावला की दोघांचे आटे मरतात.

मग हबच बदलला. मुंबईहून मागवला, अ‍ॅल्युमिनियमची रिम घेतली, मेस्ताने तारा भरून दिल्या. तसंही जुन्या क्रोमच्या रिमवर पावसात ब्रेक लागतच नाही, त्यामुळे रिमचं वाईट वाटलं नाही. नवा हब १२० मिलिमीटर रुंदीचा, फ्रेममध्ये जागा १२६ ची, दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचे वायसर, झालं.

पुढे ५२ आणि ४२ दातांच्या चकत्या होत्या. ५२ ची काढली. मग बोल्ट लांब पडले, आखूड शोधायला म्हापशाच्या दोन खेपा. चेन मात्र साध्या काळ्या सायकलीची, रुंद असते पण या दातांवर छान चालते. आणि ती एका रेषेत हवी. फ्रेमच्या मध्यापासून मागचे दात ४२ मिलिमीटरवर, पुढचे ४१. एका मिलिमीटरने काही होत नाही, चार-पाचचा फरक पडला की चेन कुरकुरते आणि एखाद्या खड्ड्यात उतरते.

ताणताना चकती पूर्ण फिरवून बघायची, कारण कुठलीच चकती अगदी गोल नसते, एका जागी चेन जास्त ताणते. त्या जागी बोटाने दाबून सेंटिमीटरभर खाली गेली पाहिजे.

काढलेलं सगळं सामान मामाने घरच्या काट्यावर ठेवलं. अकराशे ग्राम भरलं. मामा म्हणाला, एवढंच?

४२ ला १६, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटर. बांधावर मस्त पळाली, वारा मागून होता ते आठ दिवसांनी कळलं. आणि धक्क्यावर? पहिल्याच सुकतीला फळीवरून निघालो, अडीच पेडल मारली आणि मधेच उभा. उतरून ढकलली. फेरीवरचा खलाशी बघत होता, म्हणाला, गिअर काडले? कित्याक रे?

मागे १८ दातांचं फ्रीव्हील घातलं. आता एका फेऱ्यात पाच मीटरला थोडं कमी, बांधावर मिनिटाला ऐंशी फेरे मारले तर तासाला तेवीस-चोवीसचा वेग, ऑफिसला पोचायला खूप झाला. धक्का चढतो, पण बसून नाही, सीटवरून उठावं लागतं, आणि शेवाळ टाळून उजव्या कडेने. पुढे कुणी थांबलं तर मात्र संपलं. म्हणून फेरीत शिरलो की मी सायकल घेऊन सरळ पुढे जातो, साखळीला टेकून उभा राहतो, उजवं पेडल वर घेऊन ठेवतो.

हां, फळी पडली.