चार गाण्यांची कारकीर्द

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत 'डिस्को' छापलेलं पाहून काही जण बप्पी लाहिरी ऐकायच्या तयारीनं आले असतील, त्यांची थोडी निराशा होणार आहे. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्या गायिका रूपा बिस्वास यांची डिस्कोतली सगळी कारकीर्द एका रेकॉर्डमध्ये मावते. रेकॉर्डचं नाव 'डिस्को जॅझ', साल १९८२, गाणी ४. दुसरी रेकॉर्ड निघालीच नाही.

रूपाताई कोलकात्याच्या. १९८१ मध्ये त्या भावाकडे कॅनडात कॅल्गरीला गेल्या. तिथल्या विद्यापीठात त्यांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला आणि त्यातून ओळख झाली सरोदवादक आशीष खाँ यांची. हे अली अकबर खाँचे चिरंजीव, बाबा अलाउद्दीन खाँचे नातू. मैहर घराण्याच्या कडक शिस्तीत वाढलेल्या माणसानं डिस्कोला हात लावावा, याचं आपल्या मैफिलीतल्या मंडळींना नवल वाटेल. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी जॉर्ज हॅरिसनसाठी सरोद वाजवली होती आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शांती' नावाच्या बँडमध्येही ते होते. त्यांना यात नवीन काही नव्हतं. तबल्यावर त्यांचे भाऊ प्राणेश खाँ, गिटारवर डॉन पोप, अशी कॅल्गरीतच जुळणी झाली.

आता यातलं 'आज शनिबार' लावतो. (आपल्याकडे शनिवार म्हणजे मारुतीला तेल. कोलकात्याच्या या गाण्यात तो नाचायचा वार आहे.)

ऐकलंत? सरोदला पडदे नसतात, त्यामुळे बोट पोलादी पट्टीवरून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. खालचा डिस्कोचा ठेका मात्र एका मापाचा, जराही न हलणारा. सरोद त्या ठेक्यावर मींड घेत राहते आणि तरी समेला चुकत नाही. मला या रेकॉर्डमधलं सगळ्यात आवडतं ते हेच. आणि आवाज! ग्लोरिया गेनरसारख्या अमेरिकन डिस्को गायिका खड्या आवाजात अख्खा हॉल भारून टाकतात. रूपाताई भावगीत गावं तशा, आवाज न चढवता गातात.

मग चाललं का नाही? गाणी वाईट होती, असं कुणी म्हणू नये. माझ्या मते कारण साधं आहे: ती कुठल्याच पिक्चरमध्ये नव्हती. नाझिया हसनचं उदाहरण घ्या. पंधरा वर्षांची, लंडनमध्ये वाढलेली मुलगी. संगीतकार बिड्डूनं चाल दिलेलं 'आप जैसा कोई' तिनं गायलं, पण घरोघर पोहोचलं ते १९८० च्या 'कुर्बानी'मुळे, पडद्यावरच्या झीनत अमानमुळे. 'डिस्को दीवाने' हा तिचा स्वतंत्र अल्बम त्यानंतर, १९८१ मध्ये आला. दार आधीच उघडलेलं होतं. रूपाताईंची रेकॉर्ड 'मेगाफोन'नं काढली, म्हणजे बेगम अख्तरांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं. बंगालमध्ये सिनेमाबाहेरच्या गाण्यांना मोठा मान होता. आपल्याकडे दिवाळी अंक निघतात तशी तिकडे दुर्गापूजेला नवी गाणी निघत. पण तो गिऱ्हाईकवर्ग आधुनिक बंगाली गीतांचा. त्याला मिनिटांमागून मिनिटं चालणारं नाचाचं गाणं कशाला हवं असेल? रेडिओवर तीन-चार मिनिटांचं गाणं बसायचं. लांबलचक गाणी अमेरिकेत डीजेसाठी बनत, आपल्याकडे तेव्हा असे क्लब किती होते? त्याच वर्षीच्या डिसेंबरात मिथुनचा 'डिस्को डान्सर' आला आणि देशभर धुमाकूळ घातला. म्हणजे डिस्को लोकांना हवा होता. फक्त तो थिएटरमधून यावा लागत होता.

रेकॉर्ड पडली. रूपाताई संसाराला लागल्या.

पुढची गोष्ट मात्र चीड आणणारी आहे. जुन्या रेकॉर्ड धुंडाळणाऱ्या परदेशी हौशी लोकांना 'डिस्को जॅझ' सापडली, मूळ प्रती शेकडो डॉलरना विकल्या जाऊ लागल्या, यूट्यूबवर 'आज शनिबार' लाखोंनी ऐकलं आणि गायिकेला पत्ताच नाही. मुलानं इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा आईची गाणी जगभर वाजत असल्याचं घरात कळलं. २०१९ मध्ये शिकागोच्या 'न्यूमेरो ग्रुप' या रेकॉर्ड कंपनीनं ती रीतसर पुन्हा काढली. हे तेच शिकागो, जिथे १२ जुलै १९७९ ला बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या विरोधकांनी डिस्कोच्या रेकॉर्डची पेटी स्फोटानं उडवून दिली होती.

पैशाबद्दल बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण बोललं पाहिजे. गायकानं एकदा बिदागी घेतली की संपलं, अशीच आपल्याकडची रीत होती. लताबाईंनी साठच्या दशकात रॉयल्टीचा आग्रह धरला, त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचं बिनसलं. गायकांना रॉयल्टीचा कायदेशीर हक्क मिळाला तो कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं. लताबाईंसारखी गायिका जिथे इतकी वर्षं झगडली, तिथे एका रेकॉर्डच्या कलावंतानं कुणाचं दार ठोठवायचं?

वेळ झालीये, संयोजक मघापासून घड्याळ दाखवताहेत. रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं लावतो. ते पंधरा मिनिटांच्या आसपास चालतं, तेव्हा ज्यांना लोकल गाठायची आहे त्यांनी खुशाल निघावं. बाकीच्यांनी खुर्च्या जरा मागे सरकवा.