देवगिरी : उपासमारीने पडलेला गड

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेला लागलं, की पंधरा-सोळा किलोमीटरवर हा डोंगर समोर येतो. सुमारे दोनशे मीटर उंच. वरचा भाग झाडाझुडपांचा आणि त्याखाली चहूबाजूंनी सरळ उभा कडा. हा कडा माणसांनी तासलेला आहे. डोंगराचा मूळचा उतार छिन्नीने कापून काढला आणि पायथ्याशी अखंड कातळात खंदक खोदला. घोरपडसुद्धा चिकटणार नाही, असा हा कातळ!

यादव राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्र राजाचा गौरव आहे, तो इथलाच रामदेवराय.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. यादवांची मुख्य फौज तेव्हा राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामदेवराय गडावर गेला आणि दरवाजे बंद झाले. पण घाईघाईत वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं जुन्या फारसी तवारिखेत सांगितलं आहे. कडा जागच्या जागी होता. राजाला मात्र तह करावा लागला.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. तो खेळ थोड्याच वर्षांत आटोपला. पुढे १३४७ मध्ये बहमनी राज्याचा पहिला सुलतान इथेच गादीवर बसला.

आता खंदक ओलांडू या. पुढे आहे अंधारी. कातळाच्या पोटातून वर चढणारा हा भुयारी मार्ग. पायऱ्या उंचसखल, वळणं फसवी, छताला वटवाघळं. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण असे. शत्रू आत शिरलाच, तर तिथे जाळ करून भुयारात धूर कोंडायचा. जगातल्या कुठल्याही किल्ल्याशेजारी अभिमानाने मांडावी अशी ही रचना आहे.

तरी १६३३ साली पुन्हा तेच घडलं. मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला, सुरुंगांनी तटबंदी उडवली आणि बाहेरचे कोट घेतले. विजापूरच्या फौजेने आत रसद पोचवायची धडपड केली, ती फसली. बालेकिल्ल्यात उपासमार सुरू झाली आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने किल्ला मोगलांच्या हवाली केला. निजामशाहीची राजधानी अशी गेली.

मोगलांनी मग या गडाचा तुरुंगही केला. १६८७ मध्ये फितुरांनी रात्री दरवाजा उघडल्यामुळे गोवळकोंडा पडला. तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथल्या चिनी महालात डांबलं. मरेपर्यंत तो कैदेतच राहिला. अंधारीकडे जाण्याच्या घाईत बरेच पर्यटक हा महाल टाळून पुढे निघतात. तुम्ही तसं करू नका. तिथल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे आजही टिकून आहेत. ते अगदी जवळ जाऊन बघा.