घर बघायला जाल तेव्हा पाण्याचं विचारा

नमस्कार मंडळी. परीक्षा संपत आल्यात, आणि ज्यांची बदली झालीय किंवा ज्यांनी पुण्यात नोकरी धरलीय त्यांच्या घरात सध्या एकच विषय चालू असणार, राहायचं कुठे? जूनला शाळा उघडायच्या आत सामान हलवायचं असतं ना. म्हणून आज त्यावरच बोलते, आणि पुण्याच्या आजूबाजूचंच बोलते कारण ते मला नीट माहितीय.

बहुतेक लोक काय करतात, मोबाईलवर ऑफिसचा पत्ता टाकतात आणि त्याच्या भोवती घर शोधत सुटतात. पण ऑफिसला जाणारा माणूस दहा-दहा तास बाहेर असतो हो, घरात राहतं कोण? आई-वडील राहतात, शाळेतून आलेली पोरं राहतात. आणि नोकरी बदलते, आज हिंजवडीला असलेला माणूस उद्या खराडीला जातो म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण पोरांची शाळा आणि आजीचा डॉक्टर असे पटापट बदलता येत नाहीत. तेव्हा दिवसभर घरात कोण राहणार, ते आधी बघा. परत सांगते, दिवसभर घरात कोण राहणार ते आधी, ऑफिस नंतर.

आणि दुसरं म्हणजे पाणी. त्यासाठी मला आमच्या मावशीची गोष्ट सांगायलाच हवी.

मावशी लातूरची. लातूर म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं ते लातूर. एप्रिलमध्ये पहिली गाडी पोचली तेव्हा तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. मावशीने तो अख्खा उन्हाळा घागरी, पिंपं, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवून काढलाय. तर माझ्या मावसभावाला तळवड्याला नोकरी लागली, वहिनींना शिवाजीनगरला एका क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, आणि मावशी. मोशीच्या बाजूला एक नवीन प्रोजेक्ट भावाला फार आवडला होता, क्लबहाऊस, स्विमिंग पूल, बाराव्या मजल्यावरून लांबपर्यंत दिसतं वगैरे. मे महिन्यात आम्ही सगळे बघायला गेलो.

वर सॅम्पल फ्लॅट दाखवत होते. हे सॅम्पल फ्लॅट प्रकरण मला अजिबात पटत नाही, आतली दारंच काढून ठेवतात म्हणजे खोली मोठी वाटते, आणि भिंतभर आरसे. अहो २०१७ पासून रेरा, म्हणजे बिल्डरांसाठीचा कायदा, लागू झालाय, कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, सांगावाच लागतो, तो आकडा घ्या आणि घरून टेप घेऊन जा. तर असो. वहिनी ओटा बघतायत, भाऊ बाल्कनीत उभा, पोरं स्विमिंग पूल कुठेय म्हणून मागे लागलेली, आणि मावशी गायब.

खाली येऊन बघतो तर शेजारी त्याच बिल्डरची आधीची बिल्डिंग, लोक राहायला आलेली, तिच्या गेटपाशी मावशी कट्ट्यावर बसलेली. बाजूला दोन बायका, घरकाम आटपून रिक्षाची वाट बघत होत्या. मावशीने त्यांना विचारलेलं, "बाई, पाणी कवा येतंय गं इथं?" त्या म्हणाल्या, "पाणी कुठलं येतंय आजी, टँकर येतो. पहाटे पाचला हॉर्न मारतो तेव्हा सगळी बिल्डिंग उठते."

मग मावशी आम्हाला हाताला धरून घेऊन फिरली. गेटच्या आत पेव्हर ब्लॉक बसवलेले, त्यात दोन सरळ चाकोऱ्या खचलेल्या, गेटपासून थेट जमिनीतल्या टाकीपर्यंत. म्हणाली, "हे मोटारीनं व्हत नसतंय, रोज भरलेली गाडी येतीय." टाकीच्या झाकणाभोवती भर मे महिन्यात हिरवं शेवाळ, पाईप ओढताना जे पाणी सांडतं त्याचं. पुढे किराणा दुकान, बाहेर २० लिटरचे जार एकावर एक रचलेले. मावशीने दुकानदाराला विचारलं, "दिवसाला किती जातेत?" तो म्हणाला, "उन्हाळ्यात पुरत नाहीत आजी."

एवढ्यात सेल्सचा मुलगा खाली आला. चांगला मुलगा होता बिचारा, म्हणाला आजी, कॉर्पोरेशनची लाईन येतेच आहे. मावशी त्याला म्हणाली, "येऊ दे की लेका. पर आज लोकं काय पितेत?" त्याला काही उत्तर देता आलं नाही.

भावाचं तोंड उतरलं, परत येताना गाडीत कुणी बोलेना. पण पुढच्या आठवड्यात पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीला एक घर बघितलं, भाड्याचं, जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, पहिला मजला. मावशी आधी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेली. त्याने सांगितलं, "दिवसाआड येतं आजी, पण येतं." पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआडच पाणी आहे, नवीन येणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. मावशी म्हणाली, "दिसाआड तर दिसाआड, येळ ठरलीय ना, मग भरून ठिवता येतंय." झालं, तेच घर घेतलं. वहिनी आकुर्डीहून लोकलने शिवाजीनगरला जातात, भाऊ बाईकने तळवड्याला, मुलगी शाळेत चालत जाते. स्विमिंग पूल नाही. धाकटा थोडे दिवस रुसला होता.

आता हिशोब ऐका. सरकारी धोरणात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चार माणसांचं घर म्हणजे ५४० लिटर, शंभर फ्लॅट म्हणजे ५४ हजार लिटर. मोठा टँकर असतो १० हजार लिटरचा. म्हणजे रोज पाच-सहा टँकर, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समधून तुम्हीच भरणार. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३ आली, वाघोली त्यातलीच. गाव हद्दीत आलं म्हणजे नळाला पाणी आलं असं नाही. बऱ्याच ठिकाणी बिल्डरने हमीपत्र दिलेलं असतं की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन, ते हमीपत्र बघायला मागा. सोसायटी ताब्यात आल्यावर टँकरचा खर्च कुणी करायचा हे त्यात आहे का ते बघा. आणि भोगवटा पत्र, म्हणजे ओसी, बिल्डिंगमध्ये राहायला हरकत नाही असा दाखला, मिळालंय का ते विचारा. विकत घेणाऱ्यांनी तर ओसीशिवाय पुढची बोलणीच करू नका.

पाणी विचारायचं ते सेल्सवाल्याला नाही. वॉचमन, घरकामाच्या बायका, इस्त्रीवाला, दूधवाला. परत सांगते, वॉचमन, घरकामाच्या बायका, इस्त्रीवाला, दूधवाला. ह्या लोकांना बिल्डिंगचं सगळं माहिती असतं आणि त्यांना तुम्हाला काही विकायचं नसतं.

शाळेचं एक. माझं स्पष्ट मत आहे की सहा-सात वर्षांच्या मुलाला तासभर स्कूल बसमध्ये बसवणं हा त्या पोरावर अन्याय आहे, मग शाळा कितीही नावाजलेली असो. जवळची साधी शाळा घ्या, पोरगं संध्याकाळी मैदानावर तरी जाईल. मैदानावरून आठवलं, नवीन सोसायट्यांत लॉन असतं आणि लॉनवर पाटी असते, खेळू नये. आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला कट्टा कुणी बांधतच नाही आता. जिम बांधतात. आमच्या मावशीला जिम काय करायची आहे? संध्याकाळी चार बायका भेटल्या, कुणाची सून, कुणाचे गुडघे एवढं बोलणं झालं की तिला रात्री झोप लागते. घर बघायला जाल तेव्हा म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा आणि त्यांना खाली बसू द्या अर्धा तास.

एकदा सकाळी नऊला जाऊन बघा, एकदा रात्री. लोकलवर अवलंबून असाल तर दुपारचं टाईमटेबल नीट बघा, पुणे-लोणावळा लोकलला दुपारी गाड्या कमी असतात, तळेगाव-वडगावला स्वस्तात घर घेतलेल्यांना ते फार जाणवतं. आणि शक्य असेल तर पहिलं वर्ष भाड्याने राहा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या भागात काढा, मग विकत घ्यायचं बघा. भाडेकरार रजिस्टरच करून घ्या, कायद्याने तो करावाच लागतो, शाळा-बँक-गॅस सगळीकडे तोच कागद मागतात.

मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले मात्र गाव सोडायच्या आधी हातात घ्या, सुट्टी लागली की शाळेच्या ऑफिसात कुणी भेटत नाही. नमस्कार.