ब्रोकोली : धुण्यापासून फोडणीपर्यंत

थंडीच्या दिवसांत पुण्या-नाशिकच्या भाजीबाजारात फ्लॉवरच्या ढिगाशेजारी हा गडद हिरवा गड्डा हल्ली हमखास दिसतो. ब्रोकोली मूळची इटलीकडची, भूमध्य समुद्राकाठची. तरी कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल यांची ती सख्खी भावंड आहे, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी या चारही भाज्या ‘ब्रासिका ओलेरेसिया’ या एकाच प्रजातीत मोडतात. कोबीची आपण पाने खातो, नवलकोलाचे फुगलेले खोड खातो आणि ब्रोकोलीच्या न उमललेल्या कळ्या खातो.

गड्डा निवडताना म्हणूनच कळ्यांकडे पाहावे. त्या घट्ट मिटलेल्या आणि गर्द हिरव्या असाव्यात. पिवळी झाक दिसली, तर भाजी जुनी झाली आहे. तोडणीनंतरही गड्ड्याचे श्वसन वेगाने चालू राहते आणि पिकलेल्या केळी-सफरचंदांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे तो लवकर पिवळा पडतो, त्यामुळे फ्रीजमध्ये त्याला या फळांपासून लांब ठेवलेले बरे. ठेवण्यापूर्वी मात्र तो धुऊ नये, कारण कळ्यांत अडकलेल्या ओलाव्याने कुजण्यास सुरुवात होते.

आता नळाखाली धरलेला हा गड्डा जवळून पाहा. अळूच्या पानावरून ओघळावेत तसे पाण्याचे थेंब कळ्यांवरून घरंगळून जात आहेत. कळ्यांवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि तो पाण्याला आत शिरू देत नाही. वरवर धुतलेला गड्डा स्वच्छ दिसतो खरा, परंतु तुऱ्यांच्या बेचक्यांतील माती, राखाडी मावा आणि चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची बारीक हिरवी अळी जिथल्या तिथेच राहते. या अळीचा रंग देठाच्या रंगाशी इतका मिळताजुळता असतो, की ती बहुधा हलल्यावरच दिसते.

म्हणून गड्ड्याचे उभे दोन-चार भाग करावेत, खोल पातेल्यात लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा मीठ घालावे आणि ते भाग कळ्या खाली येतील अशा रीतीने त्यात बुडवून सुमारे अर्धा तास ठेवावेत. भाजी तरंगते, तेव्हा वर एखादी ताटली दाबून ठेवावी लागते. मधून मधून दांडा धरून भाग पाण्यातल्या पाण्यात झटकला, की आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, तिच्या जागी पाणी शिरते आणि अळ्या सुटून पाण्यात येतात. त्यानंतर वाहत्या पाण्याखाली पुन्हा एकदा धुऊन भाग रोवळीत उपडे निथळत ठेवावेत. मिठाचे पाणी अळ्यांसाठी आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. वरची धूळ आणि फवारणीचा काही अंश वाहत्या पाण्याने निघतो. झाडात भिनलेली आंतरप्रवाही कीटकनाशके कोणत्याही धुण्याने पूर्णपणे निघत नाहीत. साबण तर भाजीला लावूच नये.

तुरे सुटे करताना सुरी वरून चालवली, तर कळ्यांचा भुगा ओट्यावर सांडतो. त्याऐवजी देठाकडून चीर द्यावी आणि तुरा हाताने उकलावा. जाड दांडा बहुतेक घरांत कचऱ्यात जातो, आणि ते खरोखर वाया घालवणे आहे: वरची चिवट साल जाडसर सोलली, की आतला पांढरट हिरवा गाभा नवलकोलाइतकाच कोवळा निघतो.

चिरल्यानंतर भाजी लगेच कढईत टाकण्याची घाई करू नये. ब्रोकोलीच्या पेशींत ग्लुकोराफॅनिन हे गंधकयुक्त द्रव्य आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळे साठवलेले असतात. सुरीने पेशी फुटल्या, की त्यांची गाठ पडून सल्फोराफेन हे शरीरातील संरक्षक विकरांना चालना देणारे संयुग तयार होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तालाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे संयुग ब्रोकोलीतून वेगळे केले आणि या भाजीचा बोलबाला झाला. उष्णतेने ते विकर निकामी होते, म्हणून चिरलेले तुरे अर्धा-पाऊण तास तसेच ठेवण्यात अर्थ आहे. तेवढा वेळ नसेल, तर मोहरी मदतीला येते, कारण तिच्यातही हेच विकर असते. शिजलेल्या ब्रोकोलीत मोहरीची पूड मिसळल्यास सल्फोराफेन वाढते, असे इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. फोडणीत तडतडलेल्या मोहरीचा मात्र येथे उपयोग नाही, तिच्यातील विकर तेलातच संपते. मोहरी फेसून भाजीत शेवटी कालवावी.

तुरे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढले, की रंग खुलतो. अधिक शिजवले, तर तो शेवाळी होतो आणि गंधकाचा उग्र वास सुटतो. आम्लानेही हिरवेपणा जातो, त्यामुळे लिंबू पिळायचे ते ताटात वाढल्यावर.