पखवाजाच्या खोडाला एक पावसाळा बघू द्या

नमस्कार मंडळी. गणपती उरकले की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, की परसातला फणस वार्‍यात पडलाय, त्याचा घरच्या घरी पखवाज होईल का. होईल की! दक्षिणेत मृदंगम् फणसाच्याच लाकडाचा करतात, आणि आपल्याकडे तर फणस दारात. पण पुढच्याच चतुर्थीला तो भजनाला बसवायचा हट्ट धरलात तर लाकूड फुकट जाणार, हे मी आत्ताच सांगतो.

आता उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगी काढा, झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी, कारण १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे.

खरी अडचण पुढे आहे. लोकांना वाटतं कोरणं अवघड. कोरणं मेहनतीचं आहे, ओल्या फणसाचा चीक पटाशीला चिकटतो, हात भरतात, पण ते होऊन जातं. अवघड आहे ते वाळवणं, आणि तेही आपल्या ह्या समुद्राकाठच्या हवेत. लाकूड लांबीत जवळपास आटतच नाही, आटतं ते आडवं, आणि त्यातही गाभ्यापासून सालीकडे जेवढं आटतं त्याच्या जवळजवळ दुप्पट वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं आटतं, त्यामुळे अख्खा ओंडका तसाच ठेवला की गाभ्यापासून चिरा पडतात आणि मग त्यात काही राम राहत नाही. म्हणून ओंडका ओला असतानाच आतला गाभा पोखरून काढायचा; हा पोकळ ओंडका म्हणजेच पखवाजाचं खोड. बाहेरचा आकारही ढोबळच काढायचा, भिंत हवी त्यापेक्षा चांगली जाड ठेवायची, कारण वाळताना तोंड गोल राहत नाही, थोडं लंबगोल होतंच, आणि ते नंतर लेथवर परत गोल करायला जाडी शिल्लक लागते. सालीलगतचं फिकट लाकूड जमेल तेवढं उतरवा, भुंगा तिथूनच लागतो. दोन्ही तोंडांच्या कडांना मेण नाहीतर जुना ऑइलपेंट लावा, कारण पाणी तिथूनच भसाभस निघतं आणि चीर तिथूनच सुरू होते. उन्हात अजिबात ठेवायचं नाही. जुन्या घरांत माळ्यावर लाकूड ठेवायचे ना, चुलीचा धूर लागेल असं पण थेट चुलीवर नाही, ती जागा बेस्ट.

वाळलं कसं ओळखायचं? ठोकून बघू नका, वजन करा. दुकानातल्या काट्यावर ठेवा आणि खडूनं खोडावरच वजन आणि तारीख लिहा. दिवाळीनंतर कोरलं असेल तर शिमग्यापर्यंत वजन उतरत जातं, मग थांबतं आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. थांबा. जुलैत तेच खोड परत काट्यावर ठेवा, वजन वाढलेलं दिसेल, कारण हवेतलं पाणी ते परत ओढतं. ही फुगण्या-आटण्याची एक फेरी होऊन गेली, त्यात तडकलं नाही, की पावसाळ्यानंतर शेवटचा हात मारायचा. वखारवाला काहीही म्हणू दे, माझं मत हेच आहे.

मग तोंडाचा काठ. कडाप्प्यावर खडूची पूड पसरा, त्यावर खोड उभं करून हलकं फिरवा, जिथे पांढरं लागलं तो उंचवटा, तेवढाच कानशीनं उतरवा, परत फिरवा. पूर्ण कडी पांढरी उमटेपर्यंत हेच करत बसायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण काठ वरखाली राहिला तर पुडीची, म्हणजे तोंडावर चढवायच्या कातड्याची, काठाभोवतीची सोळा घरं (वाद्यांमधले भाग) एका स्वरात येणारच नाहीत, वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे कितीही ठोका. आतली धार पण जरा मोडायची, नाहीतर कातडं तिथे कापतं.

पुडी मात्र घरी करायच्या भानगडीत पडू नका. पुडीच्या मधल्या काळ्या शाईचा एकेक थर लावायचा, दगडानं घोटायचा, परत थर, हे पुडी भरणार्‍यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या हातातलं काम आहे. ह्या शाईमुळेच आपल्या मृदंग-तबल्यातून नुसता धप्प आवाज न येता स्वर निघतो, ह्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलंय. तेव्हा त्या कारागिराचे पैसे देताना घासाघीस करू नका प्लीज. आणि त्याच्याकडे जायचं ते गणपतीच्या तोंडावर नाही, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. होळीच्या आसपास जा, हवा कोरडी असते, कातडं नीट ओढलं जातं. पुडी चढवून आणली की लगेच वरच्या स्वरात खेचू नका, काही दिवस कमी ताणावर रोज थोडा वाजवा, वाद्या (पुडी ताणणार्‍या कातडी पट्ट्या) सैल पडतील त्या परत ओढून घ्या, आणि मगच डाव्या तोंडाला कणीक लावून पेटीबरोबर बसा.