आगोट समुद्राची

(दृश्य: पहाटेची भायखळ्याची भाजी मंडई. टेम्पो, हातगाड्या, पिवळे दिवे.)

भाजीवाल्याला हे गिऱ्हाईक जरा विचित्रच वाटतंय. कोबीचे गड्डे चारच हवेत, पण चारही आज उतरलेले, बाहेरची जाड पानं न काढलेले आणि पाणी न मारलेले.

"साहेब, पाणी मारलं नाही तर ताजा दिसणार कसा?"

"दिसायला नकोच. टिकायला हवा. वीस दिवस."

भाजीवाला हसतो आणि मागच्या गोणीत हात घालतो.

हे गिऱ्हाईक म्हणजे आमचा कप्तान. राहतो गिरगावात, बोट गेटवेसमोर नांगरलेली. ३६ फूट लांब, एका डोलकाठीची शिडाची बोट. डिसेंबरमध्ये तो, त्याचा भाचा आणि मी, असे तिघं सेशल्सला निघणार आहोत. मुंबई ते तिथली राजधानी व्हिक्टोरिया सुमारे १,७५० सागरी मैल, म्हणजे सव्वातीन हजार किलोमीटर. सरळ वाट धरली तर मध्ये एकही बेट लागत नाही. मीठ विसरलं, तर विसरलं.

समुद्र या फिल्ममध्ये शेवटी येतो, आणि तोही थोडाच. आधीचे तीन आठवडे आमचे बाजारात आणि गिरगावातल्या एका स्वयंपाकघरात गेले.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर वही, पेन, चष्मा. भिंतीला टेकलेले पत्र्याचे डबे.)

ही कप्तानाची आत्या. वय ७८. जन्म अलिबागजवळचा. पोहता येत नाही. मांडव्याची लाँच सोडली तर बोटीवर कधी पाऊल ठेवलेलं नाही. तरी या सफरीचा कोठार-विभाग तिच्या हातात आहे, आणि तो तिने मागून घेतलाय.

किनाऱ्यावर एक शब्द आहे, आगोट. मिरग लागायच्या आधी घरात भरायची ती आगोट: तांदूळ, मीठ, मसाला, पापड, आमसुलं, सुके बोंबील, जवळा, सोडे. होड्या वर ओढल्या की दर्या बंद, आणि चुलीला पुढचे महिने घरातलंच पुरायला हवं. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला कायद्यानेच बंदी असते, पण आगोट कायद्याहून फार जुनी. काय किती दिवस टिकतं, कशाला कधी बुरशी येते, कोणत्या डब्यात किडे पडतात, हे आत्याला पाठ आहे. फक्त या वेळी समुद्र बंद झाला म्हणून नाही, तर समुद्रावर जायचं म्हणून भरायचं आहे.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "किती दिवस?"

कप्तान म्हणाला, "बोट ताशी पाच मैल धरली तर दिवसाला १२०. पंधरा दिवस."

"आणि वारा पडला तर?"

कप्तान गप्प. वहीत २४ लिहिलं गेलं. तीन माणसं गुणिले २४ दिवस, ७२. त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरात सगळं या ७२ ने गुणलं जात होतं. तांदूळ माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अकरा किलो. डाळी सहा किलो. तेल तीन लिटर. अंडी माणशी रोज एक, म्हणजे बरोबर ७२, सहा डझन.

आत्याचा प्रश्न म्हातारीची धास्ती वाटू शकतो. पण याच समुद्रावर तो एकदा फार महागात पडलाय. १४९८ च्या एप्रिल-मेमध्ये वास्को द गामाची गलबतं आफ्रिकेतल्या मालिंदीहून मलबारला साधारण २३ दिवसांत पोचली, कारण वारा पाठीशी होता. परतताना मात्र तो ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. ईशान्येचा वारा अजून बसलेला नव्हता. तोच समुद्र पार करायला त्याला जवळपास तीन महिने लागले. ताजं अन्न संपलं, हिरड्या सुजल्या, आणि त्या एका टप्प्यात सुमारे ३० माणसं स्कर्व्हीने गेली. लिंबू-संत्र्याने हा रोग बरा होतो हे जेम्स लिंडने १७४७ मध्ये बारा खलाशांवर प्रयोग करून दाखवलं, आणि ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला १७९५ पासून. मधली ४८ वर्षं कशात गेली, ते आपल्याकडच्या सरकारी फाइली पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आम्ही म्हणूनच डिसेंबर धरला. ईशान्येचा वारा तोवर बसतो. पण तो विषुववृत्तापर्यंत साथ देईलच असं नाही. तिथे तो पडतो, आणि बोट तळ्यातल्यासारखी उभी राहते.

(दृश्य: निळे कॅन, नळ, पाण्याची धार.)

लोक विचारतात, खायला काय नेलंत? आधी पाणी विचारा.

प्यायला आणि रांधायला माणशी दिवसाला चार लिटर धरलं. पुन्हा ७२: २८८ लिटर. बोटीत १२० लिटरच्या दोन टाक्या, आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. एकीत खारं पाणी शिरलं किंवा एकीला भेग गेली तरी दुसरी शाबूत राहिली पाहिजे. वर वीस लिटरचे चार कॅन. तेही काठोकाठ भरायचे नाहीत. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं असतं, त्यात कॅनमध्ये थोडी हवा ठेवली की तो समुद्रात पडला तरी तरंगतो, आणि बोट सोडायची वेळ आलीच तर सोबत येतो.

खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र मिळतं. ते विजेवर चालतं, आणि आमची वीज सूर्य आणि एका म्हाताऱ्या बॅटरीवर. तेव्हा यंत्र आहे असं मानायचंच नाही, असं ठरलं.

समुद्राचं पाणी मात्र कामाला येतं. भांडी त्यातच घासायची, फक्त शेवटचा हात गोड्या पाण्याचा. बटाटे सालासकट त्यातच उकडायचे. भातात चार वाट्या पाण्यापैकी अर्धी वाटी खारं, वरून मीठ नाही. अर्थात किनारा खूप मागे पडल्यावर. मुंबई बंदरातलं पाणी नव्हे, बरं का! प्यायचं तर कधीच नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि ते शरीराबाहेर टाकायला प्यालो त्याहून जास्त पाणी खर्ची पडतं.

(दृश्य: मस्जिद बंदरची गल्ली, पोती, हमाल. मग लालबाग, मसाला कुटणाऱ्या डंकाचा आवाज.)

सुका बाजार एका दिवसात झाला. मस्जिद बंदरला खजूर, शेंगदाणे, कडधान्यं. लालबागला मसाला. मिरची गल्लीत पाच मिनिटं उभं राहिलं तर शिंका येतात, दहा मिनिटांत भूक लागते.

अंड्यांना वेळ लागला. फ्रीजमध्ये एकदाही न गेलेली, न धुतलेली अंडी हवी होती. धुतलं की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. फ्रीजमधून बाहेर आलं की अंड्याला घाम फुटतो आणि ओल आत शिरते. आपल्याकडे दुकानात ती बाहेरच ठेवलेली असतात, तेवढं एक आपल्या पथ्यावर. मग प्रत्येकाला तेलाचं बोट, आणि बोटीवर दर दोन दिवसांनी ट्रे उलटा करायचा. हे काम भाच्याकडे. तो त्याला "अंड्यांची कूस बदलणं" म्हणतो.

(दृश्य: कढई, रवा परतला जातोय. खिडकीतून चाळीचा जिना.)

आत्याच्या स्वयंपाकघरात आठ दिवस भाजण्याचा वास होता. रवा भाजला, पोहे भाजले, थालिपिठाची भाजणी झाली, मेतकूट झालं. तूरडाळीला एरंडेल चोळून ती उन्हात ठेवली. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला. नाव कोणतंही द्या, काम एकच: ओल काढायची आणि किड्याला दार बंद करायचं. बोटीत हवा इतकी दमट आणि खारट असते की बिस्किटाचा पुडा फोडला तर संध्याकाळपर्यंत त्याची चामडी होते.

तयार जेवणाची पाकिटंही घेतली, डझनभर. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी असं अन्न फार आधीपासून विकसित केलंय, आणि वादळात पाकीट गरम पाण्यात टाकण्यापलीकडे काही जमत नाही. आत्याने पाकिटावरचा मजकूर चष्मा लावून वाचला आणि एवढंच म्हणाली, "असू दे. औषधासारखं."

मग कप्तानाने कुरकुर केली. "आत्या, इतकं कशाला? नौदलाचे लोक जगाला फेरी मारून येतात."

"त्यांनी काय भरलं, ते विचारलंस का कधी?"

प्रश्न बिनतोड होता. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्याच 'म्हादेई' बोटीवरून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला परतले, कुठेही न थांबता. बोट एक, शहर एक. पण थांबणाऱ्याला पुढच्या बंदरात कांदा मिळतो. न थांबणाऱ्याचा शेवटच्या दिवसाचा घाससुद्धा पहिल्याच दिवशी बोटीत असावा लागतो.

(दृश्य: लहान शेगडी, बोट कलली तरी सपाट राहणारी. कुकर.)

स्वयंपाकघर म्हणावं तर बोटीत अडीच फुटांचा कोपरा आहे. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली, बोट कलते तशी ती उलट कलते. भांडं धरायला कडेने चिमटे. आणि समुद्रावर कुकरसारखं भांडं नाही. गॅस वाचतो, पाणी वाचतं, आणि उधाणात खाली पडला तरी झाकण बंद असल्याने डाळ जमिनीवर येत नाही.

पाच किलोचे दोन सिलिंडर घेतले. गॅसची भीती मात्र खरी. तो हवेहून जड असतो. घरात गळला तर आपण खिडकी उघडतो. बोटीत तो तळाला उतरून साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून प्रत्येक स्वयंपाकानंतर शेगडीच्या आधी सिलिंडरचा कॉक बंद. रोज, न चुकता.

(दृश्य: गेटवेची पायरी, भरतीची वेळ. लहान होडीत सामान उतरवलं जातंय.)

सामान चढवायचं ते भरतीला. ओहोटीला पायऱ्यांवर शेवाळ उघडं पडतं, आणि सहा डझन अंडी घेऊन शेवाळावरून चालण्याची हौस कुणालाच नव्हती. चार फेऱ्या झाल्या. पुठ्ठ्याचा एकही खोका बोटीवर गेला नाही. खोक्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. प्लॅस्टिकची वेष्टणंही धक्क्यावरच काढली. समुद्रात प्लॅस्टिक टाकायला कुठेही, कितीही दूर, मनाईच आहे, मग नेलेला प्रत्येक कागद-पिशवी परत वाहून आणावी लागते. डबाबंद मटार आणि दुधाच्या डब्यांवरचे कागद सोलले आणि झाकणांवर मार्करने नाव लिहिलं. कागद ओला होऊन सुटतो आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपात जाऊन बसतो.

जड सामान खाली आणि मध्ये. कांदे डावीकडच्या जाळीत, बटाटे उजवीकडे अंधारात. शेजारी ठेवले की दोघंही बिघडतात. (घरी ते एकाच टोपलीत असतात, आणि आपण बाजारभावाला शिव्या देतो.) कुठे काय आहे ते वहीत. वही नसेल तर हिंगाच्या डबीसाठी अर्धी बोट उपसावी लागते, तीही कललेली.

आत्याने शेवटची पिशवी दिली. अकरा नारळ. "दहा तुमचे, एक दर्याचा."

(दृश्य: खुला समुद्र. कॅमेरा हलतोय, क्षितिज तिरपं.)

पहिले तीन दिवस कोणी जेवलं नाही, खरं सांगायचं तर. भाचा बादलीला मिठी मारून होता. पोटात राहिलं ते एवढंच: मऊ भात, मेतकूट, आल्याचा तुकडा, आणि दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, ज्या आत्याने निघायच्या रात्री केल्या होत्या. या तीन दिवसांसाठी कुणी पंचपक्वान्नं नेत असेल तर नेऊ नयेत.

चौथ्या दिवसापासून भूक आली ती थांबेना. कोथिंबीर तोवर गेली होती. टोमॅटो आठव्या दिवशी संपले. मग कोबी, मग लाल भोपळा. मटकी ओल्या फडक्यात बांधली की त्या उकाड्यात एका रात्रीत मोड. रात्रीच्या पहाऱ्याला चिक्की, खजूर आणि थर्मासमधला चहा. मागे गळ सोडलेला होता. त्याला एकदाच कुपा लागला. वहीत तो धरलेला नव्हता, म्हणून जास्त गोड लागला.

नवव्या दिवशी कुकरची शिट्टी होईना. कडेने वाफ. रिंग फुगून सैल झाली होती. कुकर गेला म्हणजे गॅसचं सगळं गणित गेलं. भाच्याने हताशपणे पोह्यांचा नवा डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला, चिकटपट्टीने लावलेली, कुकरची नवी रिंग. आणि तिच्याखाली सेफ्टी व्हॉल्व्ह.

वहीत या दोन्ही वस्तूंची नोंद नव्हती.

विषुववृत्ताजवळ वारा पडला. चार दिवस शीड नुसतं लटकत होतं. पाणी माणशी तीन लिटरवर आणलं. सगळं असताना आणलं, कारण वारा परत कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी सेशल्सच्या माहे बेटाचे डोंगर दिसले. कप्तानाने वही उघडली आणि शिल्लक मांडली. तांदूळ अडीच किलो. कांदे नऊ. लिंबं सहा. अंडी चौदा, त्यातली दोन पाण्यात तरंगणारी, ती फेकली. पाणी ९० लिटर. तयार पाकिटं बारा, एकही न फोडलेलं. नारळ एक.

आत्याला फोन लागला तो दुसऱ्या दिवशी, धक्क्यावरून. तिने हवामान विचारलं नाही, वादळ विचारलं नाही.

"कुकरची रिंग लागली का रे?"